हिच्या छातीतलं पाणी आणि माझी अक्कल

"दुखतंय का?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हणालो, "छे छे, अजिबात नाही."

प्रश्न मला नव्हता. सुई माझ्या पाठीत नव्हती. सुई होती माझ्या बायकोच्या पाठीत. ती बिचारी स्टुलावर बसून, समोरच्या टेबलावर उशी आणि उशीवर डोकं ठेवून ओणवी झाली होती. मी तिच्यासमोर उभा होतो, धडधाकट, सकाळी चार घावणे हाणून आलेला. तरी उत्तर मीच दिलं. वर आणखी म्हणालो, "डॉक्टर, ही फार खंबीर आहे. हिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा शेजारच्या घरात सुद्धा कळलं नव्हतं." डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांचं लक्ष सुईवर होतं. हिची मूठ चादरीवर आवळलेली मला दिसत होती, पण ती मला खंबीरपणाची खूण वाटली.

हिला दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले. मग यंदा दिवाळीच्या आधी दम लागायला लागला. विहिरीपासून पडवीपर्यंत यायचं तर मध्ये दोनदा थांबायची. एक वाक्य बोलायला तिला दोन श्वास लागायचे. रत्नागिरीत छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं, आजार फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचलाय. तिथे पाणी साठतं, फुफ्फुसाला फुलायला जागा उरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "पाणी काढलं की दम कमी होईल. पुन्हा साठेल, पुन्हा काढू." बरं होणार का, हे मी विचारलं नाही. म्हणजे मला तोंड नव्हतं असं नाही. तोंड तर मला जरा जास्तच आहे.

हे जास्तीचं तोंड मला कुठून आलं ते सांगायला हवं. आमच्या गावात गाऱ्हाणं मी घालतो. शिमग्यात पालखी दारात आली की घरच्यांच्या वतीने देवापुढे नारळ धरून बोलायला कोणीतरी लागतं. कुणाची म्हैस आटली असेल, कुणाचा मुलगा मुंबईला नोकरीविना बसला असेल, कुणाच्या सुनेला दिवस जात नसतील, ते सगळं मी देवाला सांगतो आणि मागचे लोक प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. तीस वर्षं हे चाललंय. तीस वर्षं मी दुसऱ्याचं दुखणं माझ्या तोंडाने सांगतोय आणि मागून कोणी एकदासुद्धा "नाही म्हाराजा" म्हटलेलं नाही. अशाने माणूस बिघडणार नाही तर काय होणार?

तर दवाखान्यातही मी तेच केलं. तीनदा पाणी काढलं, तीनदा डॉक्टरांनी विचारलं, तीनदा मी "नाही" म्हटलं. परत आल्यावर वाडीत सांगत फिरलो. "दीड लिटर काढलं, पण हूं नाही की चूं नाही!" बायका हिला बघायला आल्या की माझं हे पालुपद सुरू. ही त्यांच्यापुढे चहा ठेवायची आणि खाली बघायची. मला वाटायचं, कौतुकाने लाजली असेल.

सारखं सारखं सुई टोचणं नको म्हणून चौथ्या वेळी डॉक्टरांनी हिच्या बरगड्यांच्या कडेला एक बारीक मऊ नळी बसवून दिली. नळीच्या टोकाला चावी, चावीला पिशवी जोडायची, आणि दिवसाआड घरीच पाणी काढायचं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं शिकवलं. हात कसे धुवायचे, टोक कशाने पुसायचं, पिशवी कशी लावायची. "अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्या. चावी थोडीशीच उघडा. एका वेळी लिटरच्या वर जायचं नाही. खोकला आला, छातीत ओढल्यासारखं झालं, दुखलं, की लगेच चावी बंद. समजलं ना काका?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "आमचं सगळं आयुष्य नळ्या लावण्यात गेलं."

ही थाप नव्हती. पावस गावाच्या अलीकडे आमची आंब्याची बाग आहे. वर कातळाखाली झरा आहे आणि खाली उतारावर कलमं. पंप, वीज, काही नको. झऱ्यात काळ्या नळीचं एक टोक बुडवायचं, दुसरं खाली आणायचं, तोंडाने एकदा जोरात ओढायचं आणि सोडून द्यायचं. पाणी आपलं आपण येतं. खालचं टोक जितकं खाली न्याल तितकी धार जोरात. हे एवढं एक शास्त्र मला येतं आणि त्याचा मला भयंकर गर्व आहे. नवीन पोरं मोटारी लावतात, वायरी ओढतात, त्यांना मी हसतो.

आता पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी हिची खाट पडवीच्या अगदी कडेला ओढली. आमची पडवी खळ्यापासून, म्हणजे अंगणापासून, चांगली उंच, जांभ्याच्या चार पायऱ्यांवर. मेडिकलमधून सगळ्यात लांब नळीची पिशवी मागून आणली होती. ती पिशवी मी खाली खळ्यात नेऊन ठेवली, चावी पूर्ण उघडली आणि खळ्यात उभा राहून घड्याळ लावलं. काय धार! पिवळसर पाणी नळीतून सरळ खाली. दहा मिनिटांत लिटर. दवाखान्यात याला पाऊण तास लावायचे. मला मनातून डॉक्टरांची कीवच आली. एवढं शिकल्या, पण पाण्याचा उतार कोणी शिकवला नाही.

"दुखत नाही ना?" मी खालून ओरडून विचारलं.

माझी विचारायची रीत बघा. डॉक्टर विचारायच्या, "दुखतंय का?" मी विचारत होतो, "दुखत नाही ना?" उत्तर मीच प्रश्नात घालून द्यायचो, हिने फक्त मान हलवायची. हिने हलवली. पदराचा बोळा दातात धरला होता, तो मला खालून दिसला नाही. किंवा दिसला असेल आणि मी घड्याळ बघत असेन.

गोळीचं तर विचारूच नका. ती पाकिटात तशीच होती. "दुखतच नाहीये तर गोळी कशाला उगाच? सारख्या गोळ्यांनी पोट बिघडतं," असं मी म्हटलं. पोट कोणाचं, छाती कोणाची, आणि अक्कल कोण पाजळतंय!

दोनदा असं झालं. तिसऱ्या खेपेला ही म्हणाली, "आज नको. आज बरं वाटतंय." ठीक आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज एकादशी आहे." एकादशीचा आणि फुफ्फुसाचा काय संबंध? पण उपासाच्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, "उद्या बघू." तोवर हिचा श्वास पुन्हा वर चढला होता. चुलीपासून उठून ओटीवर आली की खांबाला धरून उभी राहायची. आडवं झोपवेना, उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा. ओठ फिकट पडले होते. पिशवी, नळी, घड्याळ, सगळं तयार होतं आणि ही हात लावू देत नव्हती.

मी काय काय केलं म्हणून सांगू! आधी समजावलं, मग रागावलो. "एवढं सोपं करून दिलंय, दहा मिनिटांचं काम, लोकांना दवाखान्यात खेपा घालाव्या लागतात, आणि तुला घरबसल्या मिळतंय तर तुझे हे नखरे!" हो, नखरे असा शब्द मी वापरला. कॅन्सर झालेल्या, दम लागलेल्या, अडतीस वर्षं माझा संसार ओढलेल्या बाईला मी नखरे म्हणालो. लिहितानाही कान गरम होतायत.

काही चालेना तेव्हा मी माझं हुकमी अस्त्र काढलं. संध्याकाळी दिवा लावल्यावर हिला खुर्चीत बसवली, देवापुढे नारळ धरला आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. बा देवा, हे तुझं लेकरू हट्टाला पेटलंय, त्याला सुबुद्धी दे, त्याच्या मनातली भीती काढून टाक, आणि उद्या सकाळी ते मुकाट्याने नळी लावून घेईल असं कर. असं म्हणून मी थांबलो. आता मागून "होय म्हाराजा" यायला हवं होतं.

"नाही म्हाराजा," ही म्हणाली.

मी मागे वळून बघितलं. खुर्चीच्या दांड्या धरून ही बसली होती. एकेक शब्द श्वास घेत घेत म्हणाली, "दम लागून... मरेन. पण ते... नळीचं नको."

माझ्या हातातला नारळ तसाच राहिला. मेंदूत काहीतरी हललं, पण तेही पुरतं नाही. मला वाटलं, हिने धीर सोडला. जगायची इच्छाच गेली. मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावली आणि हिला घेऊन रत्नागिरी गाठली. वाटेत एक शब्द बोललो नाही. माझ्या बाबतीत ही घटना ऐतिहासिक म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरांनी हिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं काकू?"

मी तोंड उघडलं. "डॉक्टर, हिला ना..."

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?" डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर बाकडं होतं, त्यावर बसलो. मध्ये फक्त हिरवा पडदा. एरवी कोणी मला असं उठवलं असतं तर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण बसलो. आणि पडद्याआडून हिचा आवाज आला. तुटक, पण स्पष्ट.

"आत कोणीतरी मुठीत धरून ओढतंय, असं होतं. खांद्यापर्यंत कळ जाते. डोळ्यांपुढे अंधारी येते."

"मग सांगितलं का नाही?"

हिने श्वास घेतला. "कसं सांगू? हे एवढ्या हौसेने करतात. खाली उभे राहून घड्याळ बघतात. आणि सगळ्या गावाला सांगून बसलेत, हिला काही दुखत नाही म्हणून. आता दुखतं म्हटलं तर हे चार माणसांत खोटे पडतील."

मी बाकड्यावर होतो. समोरच्या भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावलेलं होतं. ते मी किती वेळ बघितलं कोण जाणे. माझी अब्रू राखायला ही बाई दातात पदर धरून बसली होती, आणि ते न सोसून शेवटी मरायला तयार झाली होती. आणि मी खाली उभा राहून म्हणत होतो, काय धार!

थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला आत घेतलं. "काका, घरी कसं करता ते मला नीट सांगा."

सांगितलं. खाट, पडवी, चार पायऱ्या, लांब नळी, पूर्ण उघडलेली चावी. पहिल्यांदाच असं झालं की मी बोलत होतो आणि शब्दागणिक माझा आवाज खाली जात होता. दहा मिनिटांचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"आणि गोळी?"

"गोळी... पाकिटात आहे."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हिच्याकडे बघतच त्यांनी मला समजावलं. इतके दिवस पाण्याने दाबलेलं फुफ्फुस हळूहळू उघडायला हवं. पिशवी जितकी खाली, तितकी आतून ओढ जास्त. घाईने ओढलं की फुफ्फुसाला सवड मिळत नाही, दुखतं. "पाणी आपल्याला पळवायचं नाहीये काका. वेळ लागला तर लागू दे. दुखणं अगदीच नाहीसं होईल असं मी सांगत नाही, पण पुष्कळ कमी होईल. फक्त काकूंनी सांगायला हवं, आणि तुम्ही ऐकायला हवं."

मग त्यांनी हिला आकडे शिकवले. काहीच दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा. तीन म्हटलं की चावी बंद. दोनवर आलं की पुन्हा थोडी उघडायची. "आकडा कोण सांगणार?" त्यांनी मला विचारलं.

"ही," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसणार."

ही हसली. हसताना खोकला आला, तरी हसली. मी गप्प बसणार यावर हिचा काडीचा विश्वास नव्हता.

तिथेच गोळी दिली, अर्धा तास थांबलो, आणि डॉक्टरांच्या देखत मी चावी उघडली. पिशवी खाटेच्या खाली फक्त वीतभर. धार कसली, थेंबांना थेंब जोडून पाणी येत होतं. "एक," ही म्हणाली. मग "दोन." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तीन." मी चावी बंद केली. हिने डोळे मिटून घेतले आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी घाबरून विचारलं, "दुखलं का गो?" पहिल्यांदा नीट विचारलं मी. म्हणाली, "नाही. थांबलात, म्हणून." त्या दिवशी पाऊण तास लागला आणि परत येताना रिक्षात हिने मला अख्ख्या वाटभर सुनावलं. एका श्वासात मोठमोठी वाक्यं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मला एवढं गोड कधी काही लागलं नव्हतं.

तेव्हापासून आमचा रिवाज असा. दिवसाआड सकाळी न्याहारी झाली की गोळी. मग मी भांडी घासतो, तोवर अर्धा तास होतो. भांडी मला येत नाहीत, कढईला राख तशीच राहते, हे मला रोज ऐकवलं जातं. मग खाट भिंतीशी, पिशवी पाटावर, आणि मी पाटाशेजारी मांडी घालून. वाडीतल्या लोकांना मी सांगून टाकलंय, "हिला दुखतं. खूप दुखायचं. मी गाढव होतो." लोकांना धक्का बसला नाही. मला वाटत होतं त्यापेक्षा ही बातमी गावात बरीच जुनी निघाली.

नळी चालू असताना बोलायचं हिने. पहिले काही दिवस नुसते आकडे असायचे. मग मधल्या वेळात इतर गोष्टी यायला लागल्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी हिला माहेरी जायचं होतं आणि मी सासऱ्यांना परस्पर "तिला इथेच करमतं" असं कळवलं होतं. हिला शिवण शिकायचं होतं आणि मी शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं होतं, "हिला आवड नाही." अशा किती गोष्टी! काही मला आठवतही नव्हत्या. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचो आणि ही बोट वर करायची. मग मी पिशवीकडे बघत बसायचो. एकदा म्हणाली, "दीड." मी म्हटलं, "दीड असं काही नसतं." म्हणाली, "छाती माझी आहे."

परवाची गोष्ट. निम्मं पाणी आलं होतं. "तीन," ही म्हणाली आणि मी चावी बंद केली. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने मला वाटलं आता "दोन" म्हणेल, म्हणून मी हात पुढे केला. हिने आपला तळवा चावीवर ठेवला.

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"दहापैकी किती?"

"मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"आकडा विचारला मी."

"शून्य," मी म्हटलं. अगदी लगेच म्हटलं.

"खोटं." हिने तळवा काढला नाही. "तुम्ही खरं सांगत नाही तोवर मी उघडू देणार नाही. बसू दोघं अशीच."

मी म्हटलं, उगाच काहीतरी काय, पाणी थांबलंय, गोळीचा असर जाईल, डॉक्टर काय म्हणतील. काहीतरी हसण्यासारखं बोलून सुटावं म्हणून मी शब्द शोधला. मला शब्द सापडला नाही, असं मला वाटतं पहिल्यांदाच झालं.

"दहा," मी म्हटलं.

"दहा? कशाने?"

"तू जाशील म्हणून."

पिशवीकडे बघायला गेलो तर ती नीट दिसेना. हिने दुसऱ्या हाताने पदर ओढून माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, नाकासकट.

"जाणार तर आहेच," ही म्हणाली. "पण आज नाही. आज दोन आहे. उघडा आता, हळू."

मी चावी उघडली.